ताराबाई मोडकांचा हिशेब

काही शब्द इतके रुळतात की, ते कोठून आले याची विचारपूस करण्याचे कारणच कोणास उरत नाही. अंगणवाडी हा असा एक शब्द आहे. नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाकडून येणारा रस्ता जेथे मिळतो, त्या कोहमाऱ्याच्या परिसरात कोणत्याही टोलीवर हा शब्द उच्चारावा. गोंड, हलबा, गोवारी, पोवार, कोहळी, ढिवर, कुणबी, बौद्ध, कोणाचेही घर असो, त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. झाडीबोली बोलणाऱ्या म्हातारीला तो आपल्याच बोलीतला वाटतो. सरकारी योजनांच्या नावांपैकी फारच थोड्या नावांना हे भाग्य लाभले असेल. वस्तुतः हा शब्द सरकारचा नव्हेच. तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, एका प्रौढ विदुषीच्या प्रयोगातून जन्मला. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

सडक अर्जुनी तालुक्यातील या भागात घरे शेजारी असली तरी चाली निराळ्या आहेत. देव वेगळे, लग्नाच्या रीती वेगळ्या, घरातली बोली कोठे गोंडी, कोठे हलबी, कोठे पोवारी. ग्रामपंचायतीच्या कचेरीत पुरुषांचा वावर अधिक, आणि शाळेशी संबंध यायचा तो मूल सहा वर्षांचे झाल्यावर. सर्व जातीजमातींच्या आया ज्या एका उंबरठ्यावर नियमाने येतात, तो अंगणवाडीचा. तान्ह्याचे वजन, लस, आहाराचे पाकीट, गरोदरपणाची नोंद, एखाद्या योजनेचा अर्ज, आणि कित्येकदा घरात जे बोलता येत नाही ते बोलण्याची जागा, असे सारे त्या एका खोलीत चालते. निरनिराळ्या देशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी शिकागो शहरात जेन ॲडम्स यांनी १८८९ साली हल हाऊस काढले आणि शेजारवस्तीचे घर ही कल्पना जगभर गाजली. मुंबईत नागपाड्याच्या संमिश्र वस्तीत १९२० च्या दशकात त्याच धर्तीचे केंद्र निघाले. आपल्या खेड्यांत मात्र ही कल्पना परदेशातून आली नाही. ती बालशिक्षणाच्या वाटेने आली, आणि ती वाट ताराबाईंनी पाडली.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर व आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारकी वर्तुळातले. मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात पडला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी महाराष्ट्रात पदवीधर स्त्रिया किती थोड्या होत्या, हे सांगावयास नको. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले, तेव्हा ताराबाई तिशीच्या आत होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. विभक्त स्त्रीला आजही समाज ज्या नजरेने पाहतो त्यावरून शंभर वर्षांपूर्वीची कल्पना करावी. त्यांनी याविषयी फारशी तक्रार केल्याचे दिसत नाही. त्यांनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. मान होता, वेतन होते, निवृत्तीपर्यंत निश्चिंती होती. १९२३ साली ते सारे सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाई हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता त्यांच्या हाती मादाम माँटेसरींचा विचार लागला आणि वकिली सोडून १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे काढली. मराठी घरात वाढलेली ही स्त्री गुजराती भाषेत लिहू लागली, गुजराती मुलांची गाणी व गोष्टी गोळा करू लागली. दुसऱ्याच्या भाषेत राहून काम करण्याची ही सवय त्यांना पुढे बोर्डीच्या सीमाप्रदेशात उपयोगी पडली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे त्याचे मुखपत्र. ते आधी गुजरातीत व नंतर मराठीतही निघाले. ताराबाई त्या चळवळीच्या केवळ प्रचारक राहिल्या नाहीत. तिच्या संघटनेचा, अध्यापिका घडविण्याचा आणि लेखनाचा मोठा भार त्यांनी वाहिला.

गिजुभाई व ताराबाई यांच्या कामातील एक गोष्ट अर्थशास्त्राच्या माणसाचे लक्ष विशेष वेधून घेते. माँटेसरी पद्धतीची साधने मोजूनमापून घडविलेली, नाजूक आणि महाग. ती जशीच्या तशी आणावयाची तर बालशाळा ही श्रीमंतांच्या मुलांचीच राहणार, हे उघड होते. या मंडळींनी त्यातील तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. माती, बांबू, बिया, शिंपले, खडे, पाने, चिंध्या यांवर मुलांचे हात आणि डोळे तयार होऊ लागले. भांडवल कमी आणि माणसाची मेहनत अधिक, असा हा पालट होता. ज्या देशात भांडवलाची चणचण आणि माणसे मुबलक, त्या देशाला हेच परवडणारे. नियोजनकारांना हे तत्त्व उद्योगधंद्यांच्या संदर्भात कळावयास पुढे दोन-तीन दशके लागली. बालमंदिरातल्या शिक्षिकेला ते आधी कळले होते.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढला. ही संस्था नावारूपाला आली. तिच्या अध्यापन मंदिरातून शिक्षिका तयार होऊन बाहेर पडू लागल्या. १९३९ मध्ये गिजुभाई वारले आणि चळवळीचे ओझे ताराबाईंच्या खांद्यावर आले. त्याच वर्षी स्वतः माँटेसरी हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षे येथेच राहिल्या. शहरांतील सुशिक्षित घरांत बालशिक्षणाला प्रतिष्ठा मिळाली. कोणीही येथे समाधान मानले असते. पण दादरमध्ये जे चालले आहे ते खेड्यातल्या मुलापर्यंत गेले नाही तर देशाच्या दृष्टीने त्याची किंमत थोडी, हे ताराबाईंना सलत होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा, स्वतः शिकून शिक्षिका झालेल्या. वयाने अठरा वर्षांनी लहान असलेल्या या सहकारी स्त्रीने पुढे ताराबाईंचे काम शेवटपर्यंत आणि त्यांच्यानंतरही चालविले.

बोर्डी हे तसे सधन गाव. चिकूच्या वाड्या, आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी नावाला आणलेली शाळा, मराठी, गुजराती, पारशी व इराणी वस्ती. पण गावाच्या कडेला दलितांची वस्ती होती, आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. बालवाडी उघडली म्हणजे मुले येतील, ही समजूत फार लवकर मोडली. सधन घरांतली मुले आली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती आली नाहीत. असे झाले म्हणजे सामान्यतः आपण पालकांच्या अज्ञानावर ठपका ठेवतो. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे म्हणून मोकळे होतो. ताराबाईंनी हिशेब उलट बाजूने मांडला. मूल का येत नाही, येण्यासाठी त्याच्या घराला काय मोजावे लागते, आणि ते मोल घराऐवजी संस्थेने भरावयाचे ठरविले तर काय करावे लागेल?

या प्रश्नांतून दोन प्रकारच्या बालवाड्या निघाल्या. एक मध्यवर्ती, ठराविक जागी व ठराविक वेळी भरणारी. दुसरी वस्तीतल्या अंगणात, मुलांच्या सोयीच्या वेळी भरणारी. शिक्षिका तेथे चालत जाई. मुलांना गोळा करी, हातपाय धुवी, केस विंचरी, गाणी म्हणे, बिया-खड्यांचे खेळ मांडी. आया कामे करता करता बघत, मग थांबत, मग विचारू लागत. मुलाचे डोळे का आले, खरजेला काय लावावे, दुसरे मूल एवढ्या लवकर झाले तर पहिल्याचे काय होते. अंगणात भरलेली बालवाडी असल्यामुळे ती मुलापुरती राहिली नाही. साऱ्या घराची झाली. अंगणवाडी ती हीच. या नावात जागा सांगितली आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यात अंतर कोणी तोडावयाचे, याचे उत्तर आहे.

अर्थशास्त्रात वैकल्पिक खर्च नावाची एक कल्पना शिकवितात. एखादी गोष्ट करताना जी दुसरी गोष्ट सोडून द्यावी लागते, ती त्या गोष्टीची खरी किंमत. विद्यार्थी ती व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. ताराबाईंनी ती कधी पाठ केली नसेल, पण १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेले, तेव्हा त्यांचे आणि अनुताईंचे सगळे काम याच कल्पनेवर उभे होते. आठ वर्षांचा मुलगा शाळेत गेला तर गुरे कोण राखणार? मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हटले. दिवसा जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग काढले. मुलगी शाळेत गेली तर तान्हे भावंड कोण सांभाळणार? आई मजुरीला गेलेली असते, म्हणून मुलगी घरी राहते. कडेवर मूल आणि शाळेच्या हजेरीपटावर शून्य. यावर उपदेशाचा काही उपयोग नव्हता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन यावी, त्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. मुलीच्या शिक्षणातली मोठी अडचण तान्हे मूल ही आहे, एवढी साधी गोष्ट ओळखून तिच्यावर संस्था उभारण्याचे हे उदाहरण आपल्या शिक्षणाच्या इतिहासात एकमेव नसले तरी अत्यंत दुर्मीळ आहे.

येथे एक गोष्ट नोंदविली नाही तर चित्र एकांगी होईल. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली, त्याच परिसरात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेचा वारल्यांचा लढा पेटला होता. वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध, व गवतकापणीच्या वाजवी मजुरीसाठी तो होता. आपल्याकडे या दोन कथा वेगवेगळ्या पुस्तकांत सांगितल्या जातात. एक शिक्षणाची म्हणून, दुसरी क्रांतीची म्हणून. माझ्या मते त्या एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. सावकाराच्या शेतावर वेठीला धरलेल्या बापाच्या मुलाला अंगणातली बालवाडीही परवडत नाही. आणि वेठ सुटली तरी मोकळ्या झालेल्या वेळात मुलाच्या हाती पाटी कोण देणार, हा प्रश्न राहतोच. ताराबाईंच्या कामावर दुसराही एक आक्षेप घेता येतो. नखे काढणे, केस विंचरणे, अंघोळ यांवरील त्यांचा भर पुष्कळसा शहरी मध्यमवर्गीय संस्कारांतून आलेला होता, आणि ज्या पाड्यावर पाणीच दुरून आणावे लागते तेथे तो ओझ्याचाही वाटला असेल. परंतु त्या हुकूम देऊन थांबल्या नाहीत. पाणी घेऊन बसणारी बाई त्यांच्याच संस्थेची असे. सुधारक आणि निरीक्षक यांत हा फरक आहे.

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. १९७३ च्या ऑगस्टअखेरीस त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि गावपातळीवरच्या केंद्राला नाव दिले अंगणवाडी. महाराष्ट्रात ती मेळघाटातील धारणी येथे पहिल्याने आली, म्हणजे ताराबाईंच्या सासरच्या जिल्ह्यात. ज्या अमरावतीहून त्या एकट्या बाहेर पडल्या, तेथे त्यांचा शब्द सरकारी गाडीतून पोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात एकत्र आल्या. एवढ्या मोठ्या देशात एका प्रयोगाचा असा विस्तार होणे ही लहान गोष्ट नव्हे. अनुताईंनी तो डोळ्यांनी पाहिला. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्या वारल्या.

विस्तारात मात्र ताराबाईंचा हिशेब उलटा झाला. पहिली उलथापालथ कामाच्या मोलाची. योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये व मॅट्रिक झालेलीला १५० रुपये मानधन ठरले. वेतन नव्हे, मानधन. कारण ती समाजसेविका, काही तासांचे काम करणारी, असे गृहीत धरले. कमी भांडवल आणि अधिक माणूसबळ हे ताराबाईंचे सूत्र सरकारने घेतले खरे, पण त्या माणूसबळाची किंमत ठरवताना बाईच्या श्रमाला बाजारात जो भाव नसतो तोच लावला. केंद्राचा वाटा २०१८ च्या ऑक्टोबरपासून ४,५०० रुपये झाला. राज्य त्यात भर घालते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सेविका व मदतनिसांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला आणि त्यांचे काम हे पूर्ण वेळेचे काम आहे, हे वास्तव मान्य केले. तरीही २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविकांना बेमुदत संपावर जावे लागले. तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या दिवसांत गावोगावी कुलपे लागलेली होती, आणि ती एक खोली बंद झाल्यावर वस्तीतले काय काय बंद होते, हे अनेकांना प्रथमच दिसले.

दुसरी उलथापालथ वेळेची. सेविकेच्या दिवसाचा मोठा भाग आता नोंदींत जातो. पूर्वी रजिस्टरे होती, २०२१ पासून भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकर आहे. मुलाचे वजन भरले नाही तर विचारणा होते. मुलाला गोष्ट सांगितली नाही तर कोणी विचारीत नाही. जे मोजले जाते तेच केले जाते, हा कारकुनी व्यवहाराचा नियम आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. सहा सेवांपैकी जी ताराबाईंच्या दृष्टीने मुळाशी होती, ते शाळापूर्व शिक्षण, तीच मोजमापात सर्वांत मागे पडली. आणि गोंडी वा हलबी बोलीतून मराठीकडे येणाऱ्या मुलासाठी तर तीच निकडीची.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि कोहमाऱ्यासारख्या ठिकाणी तो अधिक बोचणारा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विचार शालेय शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात केला, ही चांगली गोष्ट झाली. अंगणवाड्या शक्य तेथे प्राथमिक शाळांच्या आवारात आणाव्यात, असाही त्याचा कल आहे. एका छपराखाली सर्व सोयी आल्या तर विकासवाडीचाच तो अवतार ठरेल, असे म्हणता येईल. परंतु विकासवाडीबरोबर वस्तीतले अंगणही होते, हे विसरता कामा नये. मूळ गावापासून शेताडीत सुटलेल्या टोल्या, मधून गेलेला राष्ट्रीय महामार्ग, त्यावरून रात्रंदिवस वाहणारे ट्रक, आणि पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. अशा ठिकाणी तीन वर्षांच्या मुलाला शाळेच्या आवारापर्यंत रोज कोण नेऊन सोडणार? नेणारे कोणी नसेल तर ते मूल केवळ पटावर राहील, आणि बहुधा ते गावठाणातल्या घरातले नसेल, टोलीवरचे असेल.

तान्ह्या मुलांच्या सांभाळाचीही तीच कथा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जुनी पाळणाघर योजना पाळणा या नावाने नव्याने मांडली आणि अंगणवाडीतच पाळणाघर असावे, असा विचार पुढे आला. कोसबाडला जे साठ-पासष्ट वर्षांपूर्वी झाले होते, तेथे आपण फिरून येत आहोत. याचा लाभ कोणाला व्हावा, हे आमच्या भागात उन्हाळ्यात दिसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची ती उजाडण्यापूर्वी. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडावयास बाया अंधारातच जंगलात शिरतात, दुपारी घरी येऊन पुडे बांधतात आणि सायंकाळी फळीवर नेतात. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा या थोड्या आठवड्यांत हाती येतो. जुलैत रोवणी सुरू झाली की पुन्हा तेच. या दिवसांत तान्हे मूल एकतर आईबरोबर वाघाच्या जंगलात जाते किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते. केंद्राची वेळ मात्र वर्षभर कचेरीसारखी, आणि तेंदूच्या ऐन हंगामात उन्हाळी सुटी.

ही वेळ बदलण्यास मोठा निधी लागत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा विषय पंचविसाव्या क्रमांकावर नोंदलेला आहे. केंद्राची वेळ, हंगामातील सुटी आणि टोलीवर फिरून भरणाऱ्या अंगणाचे दिवस ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाने ग्रामसभेकडे द्यावा, व त्या दोन-तीन महिन्यांतील जादा तासांची मजुरी सेविका-मदतनिसांना रोख द्यावी. सडक अर्जुनी तालुक्यातील काही मोजक्या गावांत येत्या मोहफुलांच्या हंगामापासून हे करून पाहता येईल. त्यासाठी ग्रामसभा फेब्रुवारीत भरावी लागेल, आणि ती सायंकाळी भरावी लागेल, कारण दिवसा ज्यांचे मत हवे त्या बाया कामावर असतात.